चहा प्यायल्यावर चालणारं प्रमाणपत्र

शेवंती कोळी एकदा धरलेली गोष्ट सोडत नाही, हे कोपरीच्या घरी तिच्या आईपासून डोंबिवलीच्या ऑफिसात तिच्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. १९९९ साली तिने धरला होता एक प्रोग्राम. दोन कंप्युटरांमधली बातचीत कुलूपबंद करणारा, इंटरनेटवरून फुकट उतरवून घ्यायचा, आणि ज्याचं पोट कोणीही उघडून पाहावं असा. त्र्यंबक बर्वे, म्हणजे तिचे साहेब, परदेशी, खोक्यात बंद येणारा विकतचा प्रोग्राम घ्यायला निघाले होते. तिने महिनाभर डोकं खाऊन त्यांना हाच घ्यायला लावला. कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्याच्या ऑर्डरी त्यातून ये-जा करायच्या होत्या.

काम तसं सोपं. डोंबिवलीच्या ऑफिसातलं मशीन प्रमाणपत्र बनवणार, म्हणजे कंप्युटरचं ओळखपत्रच, अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत खरं. कारखान्याचं मशीन ते तपासणार आणि मगच दार उघडणार. शेवंती कोलशेतला बसून फोनच्या तारेवरून ताजं प्रमाणपत्र मागवी, लावून पाही, आणि पडद्यावर एकच ओळ येई: प्रमाणपत्र नाकारले. मग ती प्रोग्राममध्ये शिरून काहीतरी बदले, चहा पिऊन येई, आणि ते चाले. सापडला दोष, म्हणून ती खुशीत घरी जाई. पुढच्या खेपेला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चार आठवड्यांत तिने चार वेगवेगळे दोष दुरुस्त केले होते, आणि त्यातला एकही दोष नव्हता हे तिला अजून कळायचं होतं.

चिडून तिने प्रोग्राम लिहिणाऱ्यांना इंटरनेटवर खरमरीत पत्र टाकलं की तुमची तपासणी लहरी आहे. तिकडून एकाने एका ओळीत विचारलं, दोन्ही मशीनची घड्याळं जुळतात का? शेवंतीला ते लागलं. आम्हाला काय घड्याळ लावता येत नाही? आमची घड्याळं बरोबर आहेत, असं तिने ठणकावून कळवलं.

शेवटी बर्व्यांनी शुक्रवारची मुदत दिली. तोवर चाललं नाही तर खोकं येणार, आणि शेवंती पुन्हा डेटा एन्ट्रीच्या टेबलावर. एवढं बोलून ते निघून गेले. तिला रडू आलं, पण ते गिळून बुधवारी ती कोलशेतला हजर झाली.

कारखान्याचं मशीन कांताताई सांभाळायच्या. जवळच्याच गावातल्या, आणि बोलायला फटकळ. शेवंतीचे हात कीबोर्डकडे जाताच त्यांनी ते धरले.

"तू काय पन करू नको गो. चाय पी. चाय पिऊन आलीस का चालतंय त्ये."

हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती. शेवंतीने मात्र मागच्या खेपा आठवून पाहिल्या. महिन्याभरात हे एकच वाक्य दर वेळी खरं ठरलं होतं. तिने नवं प्रमाणपत्र मागवलं, नकार आला, आणि ती हात मांडीवर ठेवून बसली. मिनिटामिनिटाला तेच प्रमाणपत्र कांताताईंनी लावून पाहायचं, तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचं. दहा मिनिटांनी दार उघडलं. दुसऱ्यांदा, दहा मिनिटं. तिसऱ्यांदाही तेच.

तिने प्रमाणपत्र उलगडून आतली वेळ वाचली. अकरा बावीसपासून खरं. इथल्या घड्याळात मागवलं होतं अकरा बाराला. कांताताईंचं मशीन चुकणं शक्य नव्हतं, कारण दर सोमवारी टेलिफोनवर वेळ सांगणाऱ्या बाईंचा आवाज ऐकून त्या ते लावत. मग डोंबिवलीचं मशीन कोणी लावलं? शेवंतीने आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

तिची आई आवडाबाई आयुष्यभर बंदरावर जाऊन विकायला मासळी घेत आली. इतर बायकांच्या आधी पोचायचं म्हणून कोपरीच्या त्या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असत. पाहायचं आणि मनात दहा वजा करायचे, हे तिथे जन्मलेल्याला शिकवावं लागत नसे. पण ऑफिसचं मशीन मांडलं त्या दिवशी शेवंतीने मनगटावर पाहून वेळ तशीच टाइप केली होती. बोटांना वजाबाकी येत नव्हती. चोर सोडून ती महिनाभर संन्याशाला सुळी देत होती.

तिथूनच तिने घड्याळ विचारणाऱ्या त्या माणसाला लिहिलं: तुमचं बरोबर होतं, चूक माझी. हे वाक्य लिहायला तिला अर्धा तास लागला.

गुरुवारी तिने डोंबिवलीच्या मशीनचं घड्याळ नीट लावलं. शुक्रवारी कारखान्याचे मॅनेजर परशुराम म्हात्रे यांच्यासमोर पहिल्याच फटक्यात दार उघडलं. दोष काय होता, त्यांनी विचारलं. प्रोग्रामच कच्चा होता, आमच्या ऑफिसातल्या मुलीने दुरुस्त केला, असं सांगायचं बर्व्यांनी वाटेतच ठरवलं होतं, आणि त्यांनी तशी सुरुवातही केली.

"नाही सर," शेवंती म्हणाली. "प्रोग्राम बरोबर होता. ऑफिसचं घड्याळ मी चुकीचं लावलेलं."

बर्व्यांचा चेहरा पडला. म्हात्र्यांनी चष्मा काढला. मग तुमच्यावर विश्वास का ठेवायचा, त्यांनी शांतपणे विचारलं.

"माझ्यावर ठेवू नका, साहेब. कुलूप मी बसवलं, प्रमाणपत्र मी बनवलं, समोर पण मीच बसलेली. तरी वेळ चुकली म्हणून त्याने मला चार आठवडे दारात उभं केलं. ज्याने बसवलं त्यालाही आत सोडत नाही ते."

म्हात्र्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग बर्व्यांकडे वळून ते म्हणाले, "सोमवारपासून चालू करा. आणि हे काम दुसऱ्या कोणाकडे देऊ नका."