समोरची नळी

मित्रांनो, चक्कर येणं हा तुमचा आजार असेल, माझी मात्र ती नोकरी होती. मी सडक अर्जुनीच्या एका रक्त तपासणी केंद्रातला जुना सेंट्रिफ्यूज आहे, म्हणजे रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारा डबा. १९९९ साली भाताच्या तणसात गुंडाळून मला इथे आणलं. मी फिरलो की लाल रक्त खाली बसतं आणि वर तणसाच्याच रंगाचं नितळ पाणी उरतं. हे हजारदा पाहिलं, तरी दर वेळी मी थक्क होतो.

माझी एकच खोड. नळीच्या समोर तितक्याच वजनाची दुसरी नळी लागते. नाहीतर मी थरथरत टेबलावरून चालू लागतो. एकदा दारापर्यंत गेलो होतो. वायर अपुरी पडली, नाहीतर समोर महामार्गच आहे, रायपूर गाठलं असतं.

२००६ साली शेतकरी जीवनलाल आले, हळदीसारखे पिवळे. डोक्यावर काविळीची माळ घातली होती. कावीळ उतरते तशी माळ लांबते म्हणतात. माळ गुडघ्यापर्यंत आली, कावीळ डोळ्यांतच राहिली. त्यात महिना गेला.

"पित्ताचा खडा हाये का कॅन्सर, ते सांगा ना जी," त्यांच्या पत्नी रामकलीबाई म्हणाल्या.

"मावशी, डॉक्टरनं सीए एकोणीस-नऊ तपासणी लिहिली आहे," तंत्रज्ञ चैतराम म्हणाला. "स्वादुपिंडाच्या कॅन्सरची खूण रक्तात शोधतात. मी फक्त रक्त फिरवून नागपूरला पाठवतो."

त्या दुपारी नळी एकच होती. चैतराम समोरच्या नळीत पाणी भरू लागला.

"पाणी कायले? माझं रक्त घ्या."

"तुम्हाला काही झालं नाही, मावशी."

"त्यायले झालं ना. आमचे हे बाजारालेबी एकटे जात नाहीत, इथं एकटे घुमतीन का?"

चैतरामनं बराच वाद घातला. मग सुई काढली.

दोन नळ्या समोरासमोर बसल्या. मी इतका शांत कधीच फिरलो नव्हतो. जीवनलालांच्या नळीत वरचं पाणी गडद पिवळं निघालं. जठरामागे दडलेला तो अवयव मी कधी पाहिलेला नाही, पण त्याची चाहूल माझ्या पोटात, दोन चमचे रक्तात फिरत होती.

सदतीसच्या आत हवा तो आकडा सहाशे चाळीस आला. "पित्त अडलं तरी हा चढतो, आकडा म्हणजे निकाल नाही," डॉक्टरांनी सांगितलं आणि स्कॅन करायला लावला. त्यात बोराएवढी गाठ दिसली. कॅन्सरच होता. पण पसरायच्या आत सापडला. नागपूरला ऑपरेशन झालं.

तीन महिन्यांनी पुन्हा दोघांच्या नळ्या फिरल्या. आकडा आला अठरा.

"अठरा?" जीवनलाल म्हणाले. "इतके तं मले गणितात भेटले होते. बापानं बडवलं होतं."

रामकलीबाईंनी त्याच अठरावर पेढे वाटले. पुढे पाच वर्षं दर तपासणीला त्या आधी स्वतःचा हात पुढे करत. चैतरामनं वाद घालणं सोडून दिलं.

आता नवीन यंत्र आलंय आणि मी टेबलाखाली चपलांशेजारी असतो. तक्रार नाही. तुमच्या घरात कोणी पिवळं पडलं, तर माळ लांबायची वाट पाहू नका, तपासायला न्या. आणि मित्रांनो, त्याला एकट्याला पाठवू नका. समोरची नळी रिकामी असली की काय होतं, ते मी दारापर्यंत चालून पाहिलेलं आहे.