संशयी खुर्ची आणि न नेलेला चष्मा

मित्रांनो, तुम्ही खुर्चीवर बसून हे वाचत असाल, तर जरा सरळ बसा. तुमच्या खालची खुर्ची तुमच्याविषयी काहीतरी मत बनवते आहे. ती बोलत नाही, एवढेच. मी मात्र आज बोलणार आहे. मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. मला वाचता येत नाही, पण ऐकू येते आणि वजन कळते. माणूस कोणत्या बाजूला कलला, किती वेळ स्थिर राहिला, कशाने दचकला, हे सगळे माझ्यापर्यंत पोचते. त्यामुळे माझा कुणावरही पटकन विश्वास बसत नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझे पाय केले, त्यांना चाके लावली आणि मधोमध आट्यांचा जाड दांडा बसवला. मला डावीकडे फिरवले की मी वर जाते, उजवीकडे फिरवले की खाली येते. तपासणाऱ्या माणसाने माझ्यावर बसून एकच गिरकी घेतली आणि 'उत्तम' म्हणून माझ्या पोटाला कागद चिकटवला. इतक्या घाईने दिलेली शाबासकी मला तेव्हाच खटकली. पुढे माझे एक चाक अडकू लागले, तेव्हा मला त्या माणसाची आठवण आली.

माझी उमेदीची वर्षे रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत गेली. सूक्ष्मदर्शकासमोर माझी जागा होती. माझ्यावर बसून लोक काचपट्टीवरच्या पेशी मोजत. पेशी दिसली की हातातल्या मोजणीयंत्राचे बटण दाबायचे, पुढची दिसली की पुन्हा दाबायचे. पेशी काही रांगेत शिस्तीने उभ्या नसतात. कुठे चार एकत्र, कुठे मोकळे मैदान. म्हणून खऱ्या मोजणीचा आवाज अडखळत येतो: टक, टकटकटक, मग शांतता, मग टक. मोजणारा माणूस पुढे झुकतो, मध्येच श्वास धरतो. एक गृहस्थ मात्र मागे रेलून बसत आणि त्यांचे बटण घड्याळासारखे सारख्या अंतराने वाजे. ते नळीत बघतच नव्हते. कुणाच्या लक्षात यायच्या आधी ते माझ्या लक्षात आले होते. पण खुर्चीला कोण विचारतो? शेवटी त्यांचे निकाल पुन्हा तपासले गेले आणि त्यांची बदली झाली. त्या दिवसापासून मी एक नियम धरला आहे. आवाज फार सुरळीत येऊ लागला, की संशय घ्यायचा.

तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणत, माझ्यावर बसले की हात स्थिर राहतो. पण मग हात टेकायची सोय असलेल्या गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि मला जिन्याखाली ठेवले. तिथले एक तंत्रज्ञ मला उचलून आपल्या बहिणीकडे घेऊन गेले. बहीण चष्म्याच्या दुकानात काम करत होती. तिची मुलगी बिट्टी यांना मामा म्हणे, म्हणून मीही मामाच म्हणते. मामांनी मला दारातूनच आत ढकलले आणि बहिणीला म्हणाले, "घे. तुझ्या पुढच्या सुरुवातीला कामाला येईल."

यातली खोच मला नंतर कळली. या बाईंनी, म्हणजे बिट्टीच्या आईने, चित्रकला सुरू केली होती. मग बासरी. मग सकाळचे धावणे. प्रत्येक वेळी सामान आधी यायचे, ते आठवडाभर वापरले जायचे आणि मग माळ्यावर जायचे. मामा तिला आरंभशूर म्हणत. बिट्टीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करत, ते काहीच म्हणत नसत. फक्त माळ्यावर जागा करून ठेवत. मलाही माळ्याचीच भीती होती. त्याऐवजी माझ्यावर कपडे येऊन पडू लागले. एकदा घातलेले, पण अजून धुवायला टाकायचे नाहीत, असे. मित्रांनो, ज्या खुर्चीवर पेशी मोजल्या गेल्या, तिच्यावर एक ओलसर टॉवेल आणि तीन विजारी. याहून जास्त काही सांगत नाही.

एका संध्याकाळी ते कपडे उचलले गेले. मी लगेच सावध झाले.

ग्रंथालयाने म्हणे एक आव्हान ठेवले होते, महिन्याभरात एक कादंबरी लिहायची. दुकानात कुणीतरी हे सांगितले आणि आईने जेवणाच्या सुट्टीत जाऊन नाव नोंदवले. घरी येऊन तिने ते सांगितले, तेव्हा बाबा "बरं" म्हणाले. मला माळ्याच्या दाराची कडी काढल्याचा आवाज आला. तो माझा भास असेल.

बिट्टी तेव्हा सातवीत होती. ती शांतपणे म्हणाली, "आई, या वेळी मी कुणाला सांगणार नाही हं. मागे बासरीचं सगळ्यांना सांगितलं होतं. मग ते मलाच विचारत बसतात, काय झालं म्हणून."

आई तेव्हा माझ्यावर बसली होती. तिचे वजन एकदम खाली गेले, कुणीतरी खांद्यावर पोते ठेवावे तसे. ती वरवर हसली. पण मला कळले, की आता मामांना काय वाटेल किंवा ग्रंथालयाला काय वाटेल, याचा प्रश्न उरला नव्हता. आपल्या मुलीने आपले एक तरी काम चारचौघांत सांगावे, एवढेच तिला हवे होते. उमेद यावी म्हणून याहून मोठे कारण लागत नाही. तरी मी विश्वास ठेवला नाही. उमेद येते कधी, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. जाते कधी, ते पाहायला मी बसले होते.

नेहमीप्रमाणे आधी सामान आले. दिवा आला, मनगटाखाली ठेवायची उशी आली, भिंतीवर उत्साह वाढवणारी वाक्ये आली. ती वाक्ये आई मोठ्याने वाचायची आणि वाचून झाले की पाणी प्यायला जायची. पण मग ती खरेच लिहू लागली. हे मी नाकारणार नाही. गोष्ट तिच्याच दुकानातल्या एका खणाची होती. लोक चष्मा दुरुस्तीला टाकतात आणि न्यायला येतच नाहीत. असे चष्मे त्या खणात साठतात. त्यातला एक चष्मा फार जुना, आणि बऱ्याच वर्षांनी त्याचा मालक तो न्यायला येतो. आई संगणकावर लिहिताना कळांवर तिची बोटे अडखळत. ती डावीकडे वळे, उजवीकडे वळे, मध्येच पुढे झुकून श्वास धरी. मोजणीयंत्राचा तो जुना, खरा आवाज मी पुन्हा ऐकला. मी जरा सैल पडले.

बिट्टीही सैल पडली असावी. तिने एक आलेख काढून फ्रिजच्या दारावर लावला. आडवे दिवस, उभे शब्द. रोज जेवणाआधी ती ओरडून विचारी, "किती झालं?" आई आकडा सांगे आणि रेघ वर जाई. तिने तो अजून कुणाला दाखवला नव्हता. पण रंगीत पेन्सिल वापरली होती, हे बाबांनी मुद्दाम येऊन आईला सांगितले.

मग एके दिवशी आवाज बदलला.

तो सुरळीत झाला. टकटक, टकटक, टकटक, कुठे थांबणे नाही. आई सगळा वेळ डावीकडे कलून बसे, जणू तिकडे काही ठेवले आहे. वळणे नाही, श्वास धरणे नाही. ठरल्या वेळी उठे, माझ्यावरची गादी उचले आणि तिच्याखाली काहीतरी पातळ, गुळगुळीत सरकवून ठेवे. दुसऱ्या दिवशी तेच बाहेर काढे. मला वाचता येत नाही, म्हणून ते काय आहे हे मला कळेना. पण मला त्या मागे रेलणाऱ्या गृहस्थांची आठवण येत राहिली.

फ्रिजवरची रेघ मात्र आधीपेक्षा जोरात चढत होती. बिट्टी खूश होती. ती जेवताना विचारी, आज गोष्टीत काय झाले? आई घास चावत सांगे, की आज नायिका नळापाशी उभी होती. दुसऱ्या दिवशी सांगे, की नायिका पांढरे कपडे वेगळे करते आणि रंगीत वेगळे. बाबा म्हणाले, फारच घरगुती कादंबरी दिसते आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कपडे धुवायचे यंत्र बंद पडले. नेमक्या त्याच सुमारास. बाबांनी सगळे बघून घेतले. लिफ्टचे काम करणारा माणूस यंत्राला भीत नाही. पण यंत्राच्या पट्टीवर एक खूण लुकलुकत होती आणि तिचा अर्थ माहितीपुस्तिकेतच दिलेला असतो. पुस्तिका सापडेना. आई दुकानात होती. बाबांनी कपाट उपसले, बिट्टीने खण उपसले. शेवटी ती दमून धप्पकन माझ्यावर बसली. गादीखाली काहीतरी कुरकुरले.

तिने गादी उचलली. ती पुस्तिका हातात घेऊन पुन्हा माझ्यावर बसली. पानांत आईची केसांची पिन खुणेला लावलेली होती. बिट्टी हलक्या आवाजात वाचू लागली, "नळाची जोडणी तपासा. पांढरे आणि रंगीत कपडे वेगळे करा..." आणि थांबली. एवढ्या लहान मुलीचे वजन इतके जड होऊ शकते, हे मला माहीत नव्हते. जेवताना ऐकलेली सगळी कादंबरी त्या पुस्तिकेत होती. आई ती शब्दाला शब्द टंकत होती. गोष्ट अडली होती आणि रेघ थांबलेली बिट्टीला दिसू नये, म्हणून.

मित्रांनो, माझा संशय खरा ठरला. पण मला त्याचा आनंद झाला नाही.

बिट्टीने पुस्तिका नेऊन बाबांना दिली. पिनेबद्दल काही बोलली नाही. आई घरी आली, नेहमीप्रमाणे माझ्यावर बसली आणि तिने गादीखाली हात घातला. हात रिकामा बाहेर आला. मागे दारात बिट्टी उभी होती.

"आई, तुझ्या नायिकेची गाळणी तुंबली आहे," ती म्हणाली. "शेवटून दुसरं पान. काढून धुवायची, मग पुढचं सुरू होतं."

मग आई हळू आवाजात म्हणाली, "तू आलेख काढलास ना, त्यानंतर थोड्याच दिवसांत अडलं. मला ती रेघ थांबवायची नव्हती."

"कुठे अडलं?"

"तो माणूस चष्मा न्यायला येतो. काउंटरपाशी उभा राहतो. तो काय बोलेल, तेच मला सुचत नाही."

बिट्टी माझ्या पाठीला टेकली. तिची हनुवटी माझ्या कडेवर होती. ती रागावलेली होती, हे मला तिच्या बोटांवरून कळत होते. पण तिला प्रश्न पडला होता, आणि प्रश्न पडला की तिला राहवत नाही.

"पण चष्मा तर इतकी वर्षं तुमच्या खणात होता," ती म्हणाली. "मग त्याला दुकान दिसलं कसं?"

आईने मला थोडे डावीकडे फिरवले. मग उजवीकडे. मग ती पुढे झुकली आणि तिने श्वास धरला. टक. टकटकटक. शांतता.

त्या दिवशी बिट्टीने आलेख नव्याने काढला. पुस्तिकेचे सगळे शब्द वजा केले. रेघ अशी कोसळली, की बाबा म्हणाले, अशी लिफ्ट असती तर माझी नोकरी गेली असती. पण आलेख फ्रिजवरच राहिला. आणि त्यानंतर बिट्टीने "किती झालं" असे विचारले नाही. ती यायची, माझ्या पाठीला टेकायची आणि "पुढे?" म्हणायची. आईला त्या 'पुढे'चे उत्तर द्यायचे असे, म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्यावर येऊन बसे. भिंतीवरची वाक्ये एकेक करून गळून पडली. ती पुन्हा कुणी चिकटवली नाहीत.

महिना संपत आला. ग्रंथालयाने सांगितलेला आकडा गाठला जाणार नव्हता, हे सगळ्यांना दिसत होते. मी अजूनही सावध होते. सबब तयार असली, की माणूस उठतो. शेवटच्या संध्याकाळी आई लिहीत असताना फोन वाजला. मी मनात म्हटले, हे आले निमित्त. आई उठायला थोडी पुढे सरकलीसुद्धा. पण फोन बिट्टीने घेतला.

"मामा, आई कामात आहे," ती म्हणाली. तिकडून काहीतरी खोचक बोलले गेले असावे. मग तिने शेजारच्या घरातही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "हो, तीच. कादंबरी लिहिते आहे. अजून लिहितेच आहे. तू उद्या फोन कर."

आई पुन्हा मागे सरकून बसली. मित्रांनो, मी पुष्कळ माणसे तोलली आहेत. त्या वेळी आईचे वजन किती होते, ते मला सांगता येणार नाही. इतके कमी, की मला वाटले ती उठूनच गेली. पण बोटे चालू होती.

महिना उलटून गेला, तरी ती लिहिते आहे. म्हणून तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. कुणी एखादे काम हाती घेतले, तर त्याला किती झाले, असे विचारू नका. पुढे काय होते, ते विचारा. घरातल्या जुन्या खुर्चीवर ओले टॉवेल टाकू नका. आणि तिच्या चाकांत अडकलेले केस आणि दोरे कधीतरी काढत जा. हे शेवटचे मी उगाच सांगत नाही. आई झालेला मजकूर बिट्टीला वाचून दाखवते, पण तो स्वयंपाकघरात, भाजी चिरताना. तो माणूस काउंटरपाशी उभा राहून शेवटी काय बोलला, ते तिथे दोघींना कळले आहे. इथवर फक्त हसण्याचा आवाज येतो. माझ्यापासून ते मुद्दाम लपवत असतील, असा मला दाट संशय आहे. मला चाके आहेत. कुणीतरी फक्त दारापर्यंत ढकलायला हवे.