माणूस आला होता

"ताई, पदर जरा मागं घ्या. माइकवर घासतोय," राजनंदिनी म्हणाली. बनुबाईनं पदर मागं घेतला, तशी ती पुन्हा म्हणाली, "एवढा नको." मग कॅमेरा चालवणारा अतिशय नावाचा पोरगा पुढं आला, त्यानं माइकचा चिमटा काढून पुन्हा लावला, आणि बनुबाई सांगितल्यासारखी दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली.

साताऱ्यात सदर बझारातला हा बंगला दिग्दर्शक दादासाहेब इंगवल्यांचा. बनुबाईला कुंडलहून गाडीनं इथं आणलं होतं. राजनंदिनीचं सांगलीत यूट्यूब चॅनेल होतं. जुन्या मराठी चित्रपटांतली माणसं हुडकायची, त्यांना बोलतं करायचं, हा तिचा उद्योग. बनुबाईच्या दारात ती तीनदा येऊन गेली होती. "तुमच्या कामाबद्दल बोलायचंय, ताई," असं म्हणाली होती. बनुबाईला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती शाळेत खिचडी शिजवायची तेव्हा बरोबरच्या बाया विचारायच्या ते हिरोंबद्दल. कोण पिऊन यायचा, कोण कुणाच्या खोलीत जायचा. तू काम काय करायचीस, असं एकीनंही विचारलं नाही. म्हणून गेले चार दिवस भाकरी थापताना, केस विंचरताना ती मनातल्या मनात उत्तरं देत होती.

"करिअरची सुरुवात कशी झाली?" राजनंदिनीनं विचारलं.

"नवऱ्यानं टाकली हुती मला. पोरगी तान्ही. आमच्या डोंगराकडं शूटिंग आलं तवा गर्दीत हुबं ऱ्हायला बाया पायजे हुत्या. गेले. मग त्येच न्यायला लागले. वाई, पन्हाळा, जिकडं शूटिंग तिकडं. कवा लग्नातली बाई, कवा पाणोठ्यावरची बाई." बनुबाई रंगली. "गावात मी टाकलेली. तितं मी कुनीबी हुयाची. मला लय आवडायचं बगा. उन्हात हुबं ऱ्हाऊन पाय सुजायचे, तरीबी सकाळी गाडी आली की मी सगळ्यांच्या आदी जाऊन बसायची. एकदा तर..."

"छान. ताई, उत्तरं जरा छोटी द्या. आणि आपण लवकर 'माळावरची सटवी'वर येऊ. लोकांना तो सीन हवाय."

तो सीन म्हणजे मेलेल्या लेकराची आई. सगळा मिळून मिनिटभराचा. दार उघडतं, बाई दारात उभी असते, तिला कुणीतरी काहीतरी सांगतं आणि ती ओरडते. पंचेचाळीस वर्षं झाली, चित्रपटाची गोष्ट लोक विसरले, पण ते ओरडणं अजून मोबाइलवर फिरत होतं. त्यानंतर बनुबाईला नुसत्या रडणाऱ्या बाया मिळाल्या. पुढं त्याही मिळायच्या बंद झाल्या.

आतून काठी टेकत दादासाहेब आले. पंच्याऐंशीच्या घरातले, पण आवाज खणखणीत. बनुबाई उठून पायाला वाकली.

"बनू! अगं, म्हातारी झालीस की गं!"

सगळे हसले. बनुबाईही हसली.

दादासाहेब खुर्चीत बसले आणि माइक लागायच्या आत बोलायला लागले. मग खोली त्यांचीच झाली. पहिला चित्रपट, दुसरा, कोणाला कुठून उचलून स्टार केलं, कोण पुढं उलटला. बनुबाई शेजारी बसून मान हलवत होती. तिच्याकडं कॅमेरा वळला तो त्या सीनची वेळ आली तेव्हाच.

"सर, तो शॉट एका टेकमध्ये झाला म्हणतात."

"एका टेकमध्ये! पण त्याच्या आधीचं कुणाला ठाऊक आहे?" दादासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "ही बाई सकाळपासून रडत नव्हती. ग्लिसरीन घातलं, कांदा लावला. डोळ्यांतनं पाणी येतंय, पण रडू येत नाही. ऊन उतरायला लागलं. मग मी कॅमेरामनला खूण केली, हिच्याजवळ गेलो आणि म्हटलं, बनू, तुझ्या गावाहून माणूस आलाय. तुझी पोरगी गेली. अशी ओरडली, अशी ओरडली! शॉट झाला, मग सांगितलं, अगं येडे, खोटं आहे. सगळं युनिट टाळ्या वाजवतंय! आठवतं का गं?"

"आठवतंय की," बनुबाई म्हणाली.

हे तिला माहीतच होतं. ती स्वतःही हे चारचौघींत सांगायची. त्या दिवशी खोटं आहे कळल्यावर तिला एवढं हायसं वाटलं होतं की डोळे पुसत पुसत तीही सगळ्यांबरोबर हसली होती. दादासाहेबांनी स्वतःच्या हातानं तिला पेढा भरवला होता.

"पण सर, हे तुम्हाला सुचलं कसं?" राजनंदिनीनं विचारलं.

या प्रश्नानं दादासाहेब खुलले. "सुचलं कसं? अगं, सकाळी खरंच माणूस आला होता हिच्या गावाहून. पोरीला ताप चढलाय, बनूला न्यायला आलोय म्हणाला. आता ही गेली तर माझं काय? शूटिंगला घेतलेला वाईतला वाडा दोन दिवसांत खाली करून द्यायचा होता. मी प्रॉडक्शनवाल्याला सांगितलं, त्याला चहा पाज आणि सांग, बनू कालच दुसऱ्या युनिटबरोबर पन्हाळ्याला गेली. गेला बिचारा. पण ते डोक्यात राहिलं ना! म्हटलं, माणूस आलाच आहे तर वापरू या. कलावंताचं डोकं असं चालतं."

बाहेर रस्त्यावर एका ट्रकनं लांबलचक हॉर्न वाजवला. अतिशयनं कपाळाला आठ्या घातल्या.

बनुबाई हसतच होती. चेहऱ्यावरचं हसू काढायचं तिला सुचलं नाही.

ते शूटिंग आणखी दोन दिवस चाललं होतं. तिसऱ्या दिवशी ती कुंडलला पोचली तेव्हा दारात बाया बसलेल्या होत्या आणि तिच्या पोरीला, सकूला, दोन दिवसांपूर्वीच ओढ्याकाठी पुरलं होतं. बनूची आई धोंडुबाई ऊर बडवत सांगत होती, "सांगावा धाडला हुता गं. जोतिबाला धाडला हुता." मागच्या गल्लीतला जोतिबा तिथंच उभा होता. "गेलो हुतो, बनू. तू न्हाईस म्हनले." पण बनू तर तिथंच होती. वाड्याच्या बाहेर तिनं पाऊल टाकलं नव्हतं. म्हणजे दोघंही खोटं बोलतात. आईनं तापाकडं काणाडोळा केला, पोर हातची घालवली आणि आता या बाप्याला पढवून उभा केलाय, असं तिनं ठरवून टाकलं.

त्या दिवसापासून ती आईशी बोलली नाही. एका घरात, एका चुलीवर, वीसेक वर्षं. ताट पुढं सरकवायची आणि पाठ फिरवायची. आईनं हाक मारली तर काम करून द्यायची, ओ द्यायची नाही. गावातल्या बायांनी समजावलं, तर त्यांच्यादेखत म्हणायची, "खोटारडीशी काय बोलायचं?" शेवटी धोंडुबाई अंथरुणावर पडली. घशात घरघर लागली होती, तरी म्हणाली, "धाडला हुता गं, बनू." बनूनं तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं, ओघळलेलं पदरानं पुसलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. आपण शेवटपर्यंत बोललो नाही, याचा तिला पुढं कितीतरी वर्षं ताठा होता.

"त्याला कोन म्हनलं, मी न्हाई म्हनून?" बनुबाईनं विचारलं.

दादासाहेब दुसऱ्याच गोष्टीवर गेले होते. ते थांबले. "काय? अगं, मीच सांगितलं. म्हणजे सांगायला लावलं."

"पोरगी गेली माजी. तुमी खोटं सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

दादासाहेबांनी आधी राजनंदिनीकडं पाहिलं, मग कॅमेऱ्याकडं, मग बनुबाईकडं.

"असं का? मला कुणी बोललं नाही." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "पण मी सांगितलं तेव्हा जिवंत होती ना? म्हणजे तेव्हा ते खोटंच होतं."

"आमची आय म्हनत हुती, माणूस धाडला हुता. मी तिला..."

"बनू, झालं ते झालं." दादासाहेब अतिशयकडं वळले. "ते मघाशी हॉर्न वाजला ना? आवाज खराब झाला असेल. परत घेऊ. मीही जरा पसरट बोललो."

राजनंदिनीनं बनुबाईकडं बघितलं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी होतं, निदान बनुबाईला तसं दिसलं. मग तिनं खाली कागदात पाहिलं आणि तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला. "पण सर, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"कसं सांगू?" दादासाहेब डोळे मिटून म्हणाले. या खेपेस ते फार छान बोलले. "दिग्दर्शकाला अंतःप्रेरणा असते. उतरत्या उन्हात ती दारात उभी होती. मला एकदम वाटलं, ही आई आहे. हिच्या काळजाला हात घातला पाहिजे. आणि कुठून कोण जाणे, ते वाक्य माझ्या तोंडी आलं."

"आन् जोतिबा?" बनुबाई म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस गं. आवाजात आवाज जातो."

त्यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं. कोण जाणे कुठून ते माझ्या तोंडी आलं. राजनंदिनी म्हणाली, "परफेक्ट, सर. हाच ठेवू."

दादासाहेब जेवायला आत गेले. त्यांच्या सुनेनं सगळ्यांना पोहे आणून दिले. बनुबाई उठायला लागली, तशी राजनंदिनी म्हणाली, "ताई, पाच मिनिटं. नुसता तुमचा चेहरा घ्यायचाय. सर बोलताना तुम्ही ऐकताय, असा. मध्ये मध्ये दाखवायला लागतो. सर समोर बसून ती गंमत सांगताहेत असं समजा. जरा हसा."

समोर रिकामी खुर्ची होती. अतिशयनं कॅमेरा जवळ आणला. बनुबाईनं त्या काचेत सरळ पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द मोकळा करून ती बोलली.

"माणूस आला हुता. जोतिबा त्याचं नाव. माज्या आयनं धाडला हुता. माजी आय खरं बोलत हुती."

"ताई, बोलू नका ना," राजनंदिनी म्हणाली. "माइक काढलाय तुमचा. आवाज येत नाहीये."

"चेहरा भारी आलाय पण," अतिशय म्हणाला.

"मग राहू दे. ओठ हलतात तेवढं कापू."

परतीच्या वाटेवर कराड मागं पडल्यावर राजनंदिनी पुढच्या सीटवरून वळली. "ताई, मला खरंच वाईट वाटलं. पण आमचेही हात बांधलेले असतात. सर नाराज झाले तर उद्या एकही कलाकार आमच्यासमोर बसणार नाही."

"ते पयलं बोललेलं हाय का तुमच्यापाशी?"

"आहे. पण त्यात हॉर्न आहे."

"हॉर्नसकट लावा. मला काय बी म्हनू दे लोकं. गावातल्यांनी तेवढं ऐकाय पायजे. माजी आय खोटारडी म्हनून गेली, आन् ते नाव मीच पाडलं तिला."

"बघू," राजनंदिनी म्हणाली आणि मोबाइलकडं वळली.

तिनं काय बघितलं, ते साऱ्या कुंडलनं आठ दिवसांनी बघितलं. त्यात दादासाहेबांची अंतःप्रेरणा होती, जुना सीन होता आणि बनुबाईचा चेहरा होता. खाली लोकांनी लिहिलं होतं, आजी अजून किती गोड ऐकतात बघा.

पण साताऱ्याहून परतली त्या दिवशी बनुबाई घरी गेली नाही. गाडीतून उतरली ती मागच्या गल्लीत वळली. या दारावरून ती पंचेचाळीस वर्षं तोंड फिरवून गेली होती. जोतिबा अंगणात पोतं टाकून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. वाळून काटकी झाला होता.

"जोतिबातात्या."

"कोन?"

"मी बनू. धोंडुबाईची."

त्यानं मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा शेंगा फोडायला लागला.

"तुमी वाईला आला हुता."

"आलो हुतो."

"मी तितंच हुते. त्यांनी तुमास्नी खोटं सांगितलं. मला आज कळलं."

जोतिबाच्या बोटांत एक शेंग होती, ती त्यानं फोडली नाही.

"तुझी आय रोज यायची हितं," तो म्हणाला. "म्हनायची, जोतिबा, तू खरंच गेला हुतास न्हवं? मी म्हनायचो, गेलो हुतो गं. दुसऱ्या दिशी परत हजर. पांडुरंगाच्यान् सांग म्हनायची. शेवटी शेवटी तिलाबी माजं खरं वाटंना झालं हुतं. माजी बनू कशी खोटं बोलंल, म्हनायची."

बनुबाई उभीच होती.

"हे तिला सांगाय पायजे हुतंस," जोतिबा म्हणाला. "मला सांगून काय करू मी?"

आतून सुनेनं दिवा लावला, कोण आलंय म्हणून विचारलं. थोड्या वेळानं त्यानं बुडाखालचं पोतं अर्धं ओढून तिच्या बाजूला सरकवलं.

"बस."

बनुबाई पोत्यावर बसली नाही. शेजारी मातीत टेकली.