बिनकामाच्या गल्ल्या

“तू खोटारडा आहेस. वर भित्रा. नाव सांगत नाहीस, तोंड दाखवत नाहीस, नुसता फोनवरून माणसं मारायला सांगतोस. का मारायचं, ते सांगताना तुझी जीभ झडते काय?”

नजीब हे कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून बोलत होता. हातात हामूर माशाच्या कालवणाचा खरकटा टोप. खेळात रस्त्याकडेचा टेलिफोन वाजला होता, आणि कोणी कधी न पाहिलेला तो शेठ नवं काम देत होता: एका बँकवाल्याची गाडी उडव.

“नजीबभाई, त्याला तुमची बोली कळत नाही,” झुबेर म्हणाला. “शिव्या फुकट जातायत.”

वकार खो खो हसला. कमाल हसला नाही. त्याचं लक्ष खेळात होतं. नजीबला तेच जास्त लागलं.

आखातातल्या उम्म अल हस्सम वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये चौघं राहायचे, चौघंही रत्नागिरीकडचे. जुम्याची नमाज झाली, जेवणं झाली की नजीब गोष्ट सांगायचा. मीना सलमान बंदरावरच्या गोदामात दिवसभर पेट्या मोजणारा हा माणूस त्या दुपारी राजा असायचा. आणि फ्लॅटचा कायदा होता: जो गोष्ट सांगेल तो भांड्यांना हात लावणार नाही. मग झुबेर, जो कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, एक मशीन घेऊन आला आणि त्याच्याबरोबर हा चोर-पोलिसांचा खेळ. एका जुम्याला सगळे म्हणाले, गोष्ट मागाहून ऐकू. पुढच्या जुम्याला कोणी काही म्हणालंच नाही. आणि आज वकारने टोप त्याच्या हातात दिला.

“आज गोष्ट नाही ना? मग तुमची पाळी.”

वकारच्या मनात काळंबेरं नव्हतं. असतं तर नजीबला भांडता तरी आलं असतं.

“ही काय गोष्ट आहे?” तो आता झुबेरवर घसरला. “माणूस मेला की हॉस्पिटलच्या दारात उभा. पकडला की चौकीच्या दारात उभा. याला आई नाही, बाप नाही, खायला लागत नाही. एवढी माणसं चिरडली, एक बाई तरी रडली का?”

“मजा येते, बस. रडायला कशाला पाहिजे?”

“मग गाढवं हाकलीत तरी मजा येईल.”

बोलणं चोख होतं. पण खरी जळजळ वेगळीच होती आणि ती नजीब मेला तरी सांगणार नव्हता. मागल्या आठवड्यात सगळे शिफ्टवर असताना त्याने एकट्याने ते मशीन चालू केलं होतं. घारीला दिसावं तसं वरून दिसणारं शहर. तो कुठलंच काम न करता नुसता फिरला. एका गल्लीत वळला, तिथून दुसऱ्या. कुठेही वळा, पुढे रस्ता होताच. माणसं आपापल्या वाटेने चालली होती, गाड्या सिग्नलला थांबत होत्या, त्याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. नजीबच्या गोष्टीत गल्ली यायची ती नायकाला पळायचं असलं तरच. इथे कुणाच्या कामाच्या नसलेल्या गल्ल्या होत्या, ढीगभर. त्याने मशीन बंद केलं तेव्हा त्याचे कान तापले होते.

तो टोप घेऊन मोरीकडे गेला आणि मुद्दाम आदळून घासू लागला.

बाहेर वकार ओरडला, “यल्ला, कमाल! लाल सिग्नल काय बघतोस, दाब!”

“नाही दाबत,” कमाल म्हणाला. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करणारा कमाल एरवी दिवसाला चार शब्द बोलायचा. “याने आज पोलिसांच्या नजरेत येऊन चालणार नाही. याचा बाप येतोय.”

“कुणाचा बाप?”

“याचाच, या गाडीतल्याचा. गावाकडे याने कळवलंय, मी ड्रायव्हर आहे, चांगला मालक आहे. म्हातारा आज विमानाने उतरतोय. आणि हा चोरीच्या गाडीत बसलाय.”

झुबेर पडद्याकडे सरकला. “हूं,” वकार म्हणाला, गोष्ट ऐकताना म्हणतात तसं.

मोरीतला नळ बारीक झाला.

“म्हाताऱ्याला लांबून ओळखायचं कसं, हीच पंचाईत,” कमाल सावकाश गाडी हाकत सांगत होता. “हा घर सोडून आला तेव्हा बापाची दाढी काळी होती. ही गल्ली बघा. इथून गेलं की पोलीस लागत नाहीत. इथे तो रोज चहा प्यायला थांबतो. आज नाही थांबला.”

नजीबने मनातल्या मनात चुका शोधल्या. बाप फार लवकर आणला. चहाचं नुसतं नाव घेतलं, चहावाला दाखवला नाही. मी असतो तर... तो असता तर काय केलं असतं, ते त्याला सुचेना. फेस लागलेल्या हातांनी तो दारात येऊन उभा राहिला. कुणी मान वळवली नाही.

पडद्यावर टेलिफोन वाजू लागला.

“शेठ,” वकार हळूच म्हणाला.

“शेठच. उचलला तर बँकवाला मारावा लागेल आणि म्हातारा तिथे ताटकळत उभा राहील. नाही उचलला, तर शेठला ठाऊक आहे विमान किती वाजताचं आहे ते.”

कमालने गाडी टेलिफोनपाशी नेली. थांबवली. तेवढ्यात मागून कुठलीशी लॉरी येऊन धडकली, गाडीने पेट घेतला आणि चित्र जागच्या जागी गोठलं.

“खलास,” झुबेर म्हणाला. “मेला. परत हॉस्पिटलपासून.”

कमालने हात मागे घेतले आणि बोटं मोडली. पुढचं त्याच्यापाशी होतं की नव्हतं, चेहऱ्यावरून कळेना. वकारने पाण्याची बाटली उचलली.

नजीबच्या कोपरावरून साबणाचं पाणी गालिच्यावर ठिबकत होतं.

“असा कसा मेला?” तो म्हणाला. आवाज चढला होता, आणि त्याने तो उतरवला नाही. “ए कमाल, माझ्याकडे बघ. म्हातारा तिकडे उभा आहे. त्याला घ्यायला कोण गेलं? बोल!”