अधांतरी गर्डर

सकाळी साडेदहाला लोखंडी गर्डर खांबांच्या वर येऊन थांबला. थांबवला तो क्रेनवालीने. तिच्या चाचणी-महिन्याचा हा शेवटचा दिवस. नवा इंग्रज साहेब संध्याकाळी तिच्या कायम नोकरीवर सही करणार होता, किंवा नाही.

खाली दोघे होते. हूक अडकवणारा तिचा धाकटा दीर आणि एक वेल्डर. इतक्या उंचावरून तिला दिसत होती फक्त दोन सारखी पिवळी हेल्मेटं. एक कडेला, एक गर्डरखाली.

वायरलेसवर साहेब म्हणाला, "गॉट हिम आउट. शी'ज ऑल युअर्स. लेट हर रिप."

'हिम' म्हणजे दोघांतला कोण? इंग्रजीच्या वर्गात शिकवलं होतं, निर्जीव ते सगळं 'इट'. मग ही 'शी' कुठून आली? 'रिप' म्हणजे फाडणं, एवढं तिला येत होतं. वर्गातल्या बाई म्हणायच्या, अडलं की अंदाज बांधा. क्रेन शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "अंदाज घरी ठेवून ये. 'लोअर' ऐकल्याशिवाय हात हलवायचा नाही."

"से लोअर, सर."

"आय जस्ट डिड, लव्ह."

तिचे कान तापले. मध्येच दिराचा आवाज आला. "वहिनी, तो सगळ्यांनाच लव्ह म्हणतो. मलासुद्धा. मनावर घेऊ नका, सोडा खाली."

"भावजी, गर्डरखाली कोण आहे?"

"वेल्डर. निघेलच आता."

"निघेल नको. निघाला की सांगा."

"नॉक इट ऑफ, बोथ ऑफ यू," साहेब ओरडला. बडबड थांबवा, असं त्याला म्हणायचं होतं; हेही तिला कळलं नाही. हात तिने दांड्यावरून काढून मांडीवर ठेवले.

थोड्या वेळाने दुसरं हेल्मेट बाहेर आलं. "निघाला, वहिनी."

आता एकच शब्द हवा होता, आणि तो साहेबाच्याच तोंडून. साहेबाच्या मते 'लेट हर रिप' म्हणजे 'सोड खाली'च; तो त्याने केव्हाच सांगितला होता. एका शिकाऊ बाईसाठी पुन्हा सांगायला तो तयार नव्हता.

"कम डाउन," तो म्हणाला. "यू'आर डन."

हे मात्र तिला नीट कळलं, नोकरी गेली. पण भार लटकत ठेवून चालकाने केबिन सोडायची नाही, हाही उस्तादांचाच नियम.

"से लोअर, सर. देन आय कम."

साहेबाने वायरलेस बंद केला आणि दुसरा चालक मागवायला ऑफिसकडे निघाला. दीर त्याच्या मागे धावला.

जेवणाची सुट्टी झाली. गर्डर तिथेच आहे. क्रेनवाली केबिनमध्येच आहे. दुसरा चालक अजून आलेला नाही.