पेरलेली चूक

ज्ञानाला दार नसतं.

हे वाक्य आमच्या दादाच्या कॉलेजच्या दारावर हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. ते दार पाच वाजता बंद व्हायचं, आणि त्याआधी आत जायचं तर पहारेकऱ्याला ओळखपत्र दाखवावं लागायचं. मी दादाचा सख्खा धाकटा भाऊ, तरी मला त्या पहारेकऱ्यानं दोनदा परत पाठवलं. दुसऱ्या वेळी मी त्याला ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ते ज्ञानासाठी आहे. तुम्ही नातेवाईक."

वाक्य प्राचार्यबाईंचं. बाई मनानं चांगल्या, आणि मनात आलेली गोष्ट तडीस नेल्याशिवाय जेवायच्या नाहीत अशा. त्यांनी ठरवलं की कॉलेजातला प्रत्येक तास समाजमाध्यमावर टाकायचा. फुकट. ज्याला शिकायचंय त्यानं शिकावं. हे ऐकून शिक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं चार भिंतींनी झाकून ठेवलेलं आता चव्हाट्यावर मांडायचं होतं. भाषेच्या सरांनी नवे शर्ट शिवले. इतिहासाच्या बाई तासाला जाण्याआधी धडा वाचू लागल्या. एकूण शिक्षणाचा दर्जा सुधारला असं म्हणायला हरकत नाही.

दादाला मात्र काही फरक पडला नाही. कॉलेज नोकरीधंद्याचं शिक्षण देणारं; तो तिथं रोजच्या कामाला लागणारं गणित शिकवायचा, आणि शिकवायची त्याची एक रीत होती. प्रत्येक तासात तो एक चूक पेरायचा. चेहरा इतका मख्ख, की देवालाही संशय येऊ नये. दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला की विचारायचा, "काल कुठे फसवलं?" ज्याला सापडली असेल त्याच्या हातात खडू द्यायचा आणि स्वतः बाकावर जाऊन बसायचा. मग तो विद्यार्थी फळ्यावर सरांना सुधारायचा, आणि सर मान खाली घालून ऐकून घ्यायचे. अर्धा वर्ग त्या एका दृश्यासाठी घरी वही उघडायचा.

"जो मास्तर कधी चुकत नाही, त्याच्यापुढे झोप छान लागते," दादा म्हणायचा.

व्हिडिओ चढवायचं काम कार्यालयातल्या लिपिक बाईंकडे होतं. बाई अतिशय नीटनेटक्या. तासाच्या सुरुवातीला हजेरी, बाकांची खरखर, खाकरणं, हसणं. हा पसारा लोकांनी का बघावा, म्हणून त्या प्रत्येक व्हिडिओचं तोंड कापून टाकायच्या. नेमकी तिथंच आदल्या दिवसाची दुरुस्ती असायची. म्हणजे चूक जगभर गेली आणि दुरुस्ती वर्गात राहिली. जो तो आपलं काम चोख करत होता, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दादा स्वतःचे व्हिडिओ कधी पाहायचा नाही. स्वतःचा आवाज ऐकला की त्याला आमच्या काकांची आठवण यायची, आणि काकांशी त्याचं पटत नसे.

व्हिडिओ बघायची वहिनी. त्याखाली लोक काय लिहितात ते ती दादाला वाचून दाखवायची. विशेषतः कुणी त्याच्या टकलाबद्दल लिहिलं असेल तर. एका रविवारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. वहिनी वाचता वाचता थांबली.

"अहो, ही मुलगी काहीतरी विचारतेय."

"वाच."

वहिनीनं वाचलं. मुलीनं लिहिलं होतं: 'सर, मी तुमच्या कॉलेजची नाही. वडील अंथरुणाला खिळले म्हणून माझं शिक्षण सुटलं. वर्षभर त्यांच्या उशाशी बसून तुमच्या व्हिडिओंवर शिकले. परवा रुग्णालयाच्या औषध भांडारातल्या जागेसाठी मुलाखत होती. त्यांनी विचारलं, द्रावण वीस टक्क्यांनी तीव्र केलं आणि मग वीस टक्क्यांनी सौम्य केलं, तर काय होईल. मी म्हटलं, पहिल्याइतकंच होईल. ते हसले. मी म्हटलं, आमच्या सरांनी असंच शिकवलंय. मग त्यांनी मोबाईलवर तुमचा व्हिडिओ शोधून सगळ्यांना दाखवला, आणि आणखी हसले. सर, तुमचं बरोबर आहे ना? पुढच्या महिन्यात एकदा परत बोलावलंय. त्यांना काय सांगू?'

दादानं हातातला कप खाली ठेवला. म्हणाला, "'आमच्या सरांनी' असं म्हणाली ती."

"पण गणितात काय चुकलं?" मी विचारलं.

"शंभराचे वीस टक्के वाढवले की एकशेवीस. आता कमी करायचे ते एकशेवीसचे वीस टक्के, म्हणजे चोवीस. उरले शहाण्णव. वर्गात हे दुसऱ्या दिवशी तिघांनी पकडलं होतं."

"हे तर मला सेलच्या पाट्या बघूनसुद्धा कळतं," वहिनी म्हणाली.

"मग तिला का नाही कळलं?"

"तिचा तुमच्यावर विश्वास होता," वहिनी म्हणाली. "माझं लग्न झालंय."

एरवी यावर दादा हसला असता. त्यानं मोबाईल मागून घेतला आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत उत्तर लिहिलं: 'तुझं नाही, माझं चुकलं. मंगळवारी थेट प्रक्षेपणात सगळं नीट करून सांगतो. ये.' संध्याकाळ झाली तरी तिचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनी दर थोड्या वेळानं मोबाईल बघायची आणि पालथा ठेवायची.

तोवर मुलाखत घेणाऱ्यांपैकी कुणीतरी तो तुकडा पुढे पाठवला होता. 'हे आजचे गणिताचे शिक्षक' असं वर लिहून. लोक हसायला हपापलेलेच असतात. सोमवारी प्राचार्यबाईंनी दादाला बोलावलं. मीही सोबत गेलो; पहारेकऱ्यानं त्या दिवशी मला अडवलं नाही. त्यानंही तो तुकडा पाहिला होता, आणि दुखवट्याच्या घरी जाणाऱ्याकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.

"सर, आपण सगळे व्हिडिओ काढून टाकू," बाई म्हणाल्या. "आठ दिवसांत लोक विसरतात."

"लोक विसरतील. तिनं ते पाठ केलंय."

"तिला तुम्ही उत्तर दिलंय ना?"

"विचारलं म्हणून दिलं. ज्यांनी विचारलंच नाही ते कुठे कुठे बसून काय पाठ करतायत, मला काय माहीत?"

"अब्रूचा प्रश्न आहे, सर."

"आहेच. ती तिथं चारचौघांत माझ्यासाठी भांडली."

समोरचा पेपरवेट बाईंनी या हातातून त्या हातात घेतला. "अशा एकूण चुका आहेत तरी किती?"

"मोजल्या नाहीत."

"कुठे आहेत, ते?"

"तेही आठवत नाही, बाई. वर्षानुवर्षं त्याच चुका हात आपोआप पेरतो; लक्षात ठेवायचं काम मी मुलांवर सोपवलं होतं."

पेपरवेट पडला.

शेवटी दादानं जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारलं. एरवी त्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांखेरीज कुणी फिरकत नसे. त्या दुपारी मोबाईल थांबेना. बस चालवणाऱ्यानं लिहिलं, 'सर, अपूर्णांकांचा भागाकार. मी पकडली होती. आयुष्यात मी तेवढंच पकडलं.' एका शिंपिणीनं कापडाच्या क्षेत्रफळातली चूक सांगितली. सरासरीची चूक आधी कुणी पकडली यावरून दोघं भांडू लागले, आता दोघांचीही पोरं शाळेत जात होती तरी. दादानं बरोबर शिकवलेलं कुणालाच काही आठवत नव्हतं. पण त्याची एकेक चूक कुणी ना कुणी जपून ठेवली होती. तो वाचत होता आणि चष्मा पुसत होता. काच स्वच्छच होती.

त्या ग्रुपवर ती मुलगी नव्हती. असणारही कशी?

मंगळवारी दुपारी वर्ग खच्चून भरला. प्राचार्यबाई मागच्या बाकावर बसल्या. लिपिक बाईंनी कॅमेरा लावला. सुरुवातीचं काहीएक कापणार नाही असं त्यांनी दादाला आपण होऊन सांगितलं, आणि डोळ्यांना पदर लावला. पडद्यावर बघणाऱ्यांचा आकडा वाढतच चालला. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पुष्कळ जण तमाशा बघायलाच आले होते.

दादा फळ्यापुढे उभा राहिला. ग्रुपवरून जमलेली चुकांची यादी टेबलावर होती; बोलायचं मात्र एक अक्षर लिहून आणलं नव्हतं.

"मी मुद्दाम चुका करून शिकवतो," तो म्हणाला. "त्या पकडायला माझ्यासमोर मुलं असायची, म्हणून ते शिकवणं होतं. तेच मी बाहेर पाठवलं तेव्हा ती नुसती चूक झाली. मला वाटलं, मी वर्ग सगळ्यांना खुला केला. मी फक्त माझा आवाज बाहेर पाठवला. मला खोडून काढायचा खडू मात्र आतच राहिला. कुणीतरी तिकडे एकटं बसून, माझ्यावर भरवसा ठेवून ते शिकलं आणि त्यापायी चारचौघांत हसू झालं. ते हसू माझं आहे. ज्यांच्याकडे चुकून गेलं असेल त्यांनी मला परत करावं."

हसरे चेहरे यायचे थांबले. दादानं पाठ वळवली आणि शंभर लिहिले, खाली एकशेवीस, त्याखाली शहाण्णव, आणि मग तेच द्रावणावर करून दाखवलं. एकेक ओळ लिहून तो थांबायचा, जणू समोरून कुणी विचारेल. मागच्या बाकावर प्राचार्यबाई रुमाल शोधत होत्या. वहिनी माझ्या शेजारी मोबाईल मुठीत घट्ट धरून बसली होती; नावं वर सरकत होती आणि त्यांत हवं ते एक नाव नव्हतं.

मग तिनं माझा दंड धरला. मोबाईल माझ्यापुढे केला, आणि मला वाचता येईना म्हणून स्वतःच उठून वर्गात सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं:

"सर, मी वही घेऊन बसलेय. जरा बाजूला सरकता का? शेवटची ओळ तुमच्यामागे गेलीय."