लुगड्यांतलं सोनं

माझ्या धनश्रीच्या पप्पांना सोनं सापडलं ते सुरतेजवळ कडोदऱ्याच्या लूमखात्यात, जेवणाच्या सुट्टीत, गोपालच्या मोबाइलवर. कुठला तरी जुना इंग्रजी पिक्चर, हिंदीत बोलणारा. तीन गडी डोंगरात जातात, माती खणतात, सोनं काढतात. सोनं दिसलं आणि सुट्टी संपली, म्हणून पुढचा अर्धा पिक्चर राहिला तो राहिलाच. धनश्रीने तो घरी सगळा पाहिला होता. ती म्हणाली, "पप्पा, पुढचं पण बघा ना." तर हे म्हणाले, "सोनं सापडलं ना? मग पुढं काय पाहायचं."

तिथेच मी कान टवकारायला हवे होते. मी आपली दात काढून हसले.

हे म्हणजे सुकदेव, माझे मालक. बावीस वर्षं झाली लूम चालवताहेत. गोपाल त्यांच्याच पाळीतला. तिसरे धुडकूभाऊ, कोसाडला आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. अक्कल या धुडकूभाऊंनीच पुरवली. पूर्वीच्या जरीत म्हणे चांदीची तार असायची, वर सोन्याचं पाणी. तशी जुनी लुगडी जाळून चांदी-सोनं काढणारे लोक सुरतेत आजही आहेत. आपल्याला डोंगर खणायची काय गरज? गावाकडच्या आयाबहिणींच्या पेट्या काय कमी आहेत?

झालं. तिघांनी देवासमोर हात ठेवून शपथ घेतली, जे निघेल त्याचे सारखे तीन वाटे. मला बजावलं, "कोनले सांगू नको." सांगायला मला तोंड नाही आणि कोणी विचारतंय कुठे?

मग सुरू झाल्या भुसावळच्या गाडीच्या फेऱ्या. जाताना सुरतेच्या नव्या साड्यांचा गठ्ठा, येताना जुन्यांचा. अमळनेर, धरणगाव, पारोळा, एक मावशी सोडली नाही की एक आत्या. "ही नवी कोरी घे, ती जुनी जरीची दे." बाया हरखल्या. सुरतेचे पाहुणे कधी नव्हे ते फुकट वाटायला आले होते. यांची बहीण सरलाबाई तेवढी म्हणाली, "भाऊ, ही तर तूच आणली होतीस ना, माझ्या राजूच्या जावळाला?" हे म्हणाले, "असेल, असेल. दे."

आता ऐका. सुरतेत राहणारा आमचा माणूस गावी गेला की आहेर सुरतेचाच नेतो. वीस वर्षं नेतोय. त्या पेट्यांमध्ये दुसरं काय असणार होतं? पण हे डोक्यात यायला डोकं जागेवर लागतं.

गठ्ठे धुडकूभाऊंच्या खोलीत ठेवले आणि तिघांचा एकमेकांवरचा विश्वास त्या दिवशीच संपला. एका दाराला तीन कुलुपं. धुडकूभाऊ संडासला गेले तर गोपाल बाहेर उभा. दोघं कामावर गेले आणि तिसरा घरी राहिला तर काय, म्हणून तिघंही जाईनात. शेठने यांचे लूम एका ओडिया पोराला देऊन टाकले. मी म्हटलं, "अहो, एक दोरा काढा, काडी लावून पाहा. रोजचं तर काम आहे तुमचं." सूत कुठलं आहे ते लूमवाला असंच ओळखतो. तर धुडकूभाऊ म्हणाले, "दोरा जळाला म्हणजे तेवढं सोनं कमी. ते कोणाच्या वाट्यातून धरायचं?" यावर तिघांनी मान डोलावली.

माझ्या पेटीत आईचा शालू होता. आजोबांनी कपाशीच्या एका चांगल्या वर्षी घेतलेला बनारसी. आई गेली तेव्हा भावांनी घर वाटून घेतलं, मी शालू मागून घेतला. धनश्रीचं लग्न वैशाखात ठरलंय. पोरगी दुसरं काही मागत नव्हती, एवढंच म्हणायची, "लग्न लागताना मी नानीचा शालू नेसणार." दर महिन्याला काढून अंगाला लावून बघायची.

गोपालने एक दिवस यांना टोचलं, "सगळ्यांच्या बहिणी लुटल्या, सुकदेवभाऊंच्या घरची पेटी मात्र बंद." बस. रविवारी मी घरी मजुरीवर दोरे कापलेल्या साड्या द्यायला अमरोलीला गेले, आणि यांनी देवाच्या फोटोमागून किल्ली काढली.

पुढचं त्यांनीच सांगितलं. खात्यामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचा ड्रम पेटवला. एकेक करून सगळी लुगडी आत. सोनं निघेल म्हणून तिघं वाकून बसले होते. निघाला काळा चिकट गोळा. प्लास्टिकची जर. जी हे तिघे वर्षानुवर्षं रोज बारा तास डोळ्यांसमोर नाचताना पाहतात, तीच.

तेव्हा शालू पिशवीतच होता. घडीसुद्धा मोडली नव्हती. तिथून उठून घरी यायचं होतं, मला पत्तासुद्धा लागला नसता. पण तेव्हा गोपालला माझी काडी आठवली. त्याने शालूचा एक दोरा ओढून पेटवला. रेशीम जळालं आणि आत पांढरी तार तशीच राहिली. खरी होती, म्हणून जाळला. खोटी असती तर माझ्या आईचा शालू वाचला असता.

भट्टीवाल्याने आटवून दिली ती चांदी, सोनं नावालाच. मग शपथेप्रमाणे तीन वाटे. गोपालची आई नाही, धुडकूभाऊंची आई नाही, आई माझी, आणि वाटे तीन.

चार वाजता हे काळं तोंड घेऊन आले आणि कागदाची पुडी माझ्यापुढे ठेवली. आत हरभऱ्याएवढी चांदी. मी म्हटलं, "पोरीला तुम्ही सांगा." यांनी सांगितलं. धनश्रीने पुडीकडे बघत हळूच विचारलं, "खरा होता?"

"हो," हे म्हणाले. "एवढ्या लुगड्यांमध्ये आपलाच असली व्हता." आणि देवाशप्पथ सांगते, त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

पोरगी रडली नाही. तिने मोबाइल घेतला, तोच पिक्चर लावला, अर्ध्यावर नेला आणि डब्याला टेकवून बापासमोर ठेवला. हे मुकाट्याने शेवटपर्यंत बसले. मी भाकऱ्या थापत होते. संपल्यावर म्हणाले, "रंजना, त्यांचंही सोनं गेलं गं."

मी म्हटलं, "त्यांचं डोंगरातलं गेलं. कोणाची आई नाही जाळली त्यांनी."